यकृतातील चरबी आणि आनुवंशिकता



एखाद्या कामगाराच्या तपासणीच्या कागदावर ‘यकृतात चरबी’ असे लिहून आले, की आसपासची मंडळी लगेच निकाल देऊन मोकळी होतात. कोणी म्हणतो, ‘पीत असेल!’ दुसरा म्हणतो, ‘त्यांच्या घराण्यातच आहे, इलाज नाही.’ पहिल्या निकालाने माणसाची अब्रू जाते, दुसऱ्याने उमेद. मी वैद्यकी शिकलेला नाही. संघटनेच्या कामात जे वाचावे लागले तेवढेच माझे भांडवल. त्याच्या आधारे या दोन्ही निकालांची उलटतपासणी करावयाची आहे.

यकृतात शेकडा पाचाहून अधिक चरबी साठली, म्हणजे तो विकार मानतात. पुष्कळांना वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. काहींच्या यकृतास मात्र सूज येते, पुढे ते निबर होऊन आक्रसते. मद्याचा थेंबही न घेणाऱ्यास हे होऊ शकते.

अमेरिकेतील डॅलस शहरी दोन हजारांहून अधिक रहिवाशांच्या यकृतातील चरबी चुंबकीय यंत्राने मोजण्यात आली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हा विकार हिस्पॅनिक लोकांत शेकडा ४५, गोऱ्यांत ३३ आणि कृष्णवर्णीयांत २४ जणांना आढळला. कृष्णवर्णीयांत तो इतका कमी का, याचा उलगडा वजनाने होईना आणि मद्यानेही होईना. तेव्हा हेलन हॉब्ज व जोनाथन कोहेन यांच्या पथकाने जनुकांतील ९,२२९ फरक तपासले. २००८ साली उत्तर हाती आले. पीएनपीएलए-३ नावाच्या जनुकापासून जे प्रथिन बनते, त्याच्या साखळीतील १४८ वा दुवा काहींच्या ठायी बदललेला असतो. आई व बाप दोघांकडूनही हा बदल आलेल्यांच्या यकृतात चरबी दुपटीहून अधिक होती. हा बदल हिस्पॅनिकांत सर्वाधिक आणि कृष्णवर्णीयांत सर्वांत कमी आढळला.

हे बदललेले प्रथिन करते काय? यंत्रातील बिघडलेला सुटा भाग वेळीच काढला नाही, तर तो शेजारच्या चाकांनाही अडवतो. त्याचप्रमाणे हे प्रथिन चरबीच्या थेंबांवर साचून राहते आणि चरबी फोडण्याच्या कामात अडथळा आणते. मद्यपान करणाऱ्यांतही या बदलाने यकृत आक्रसण्याचा धोका वाढतो.

मग घराण्याचा दोष म्हणणारा खरा ठरला काय? नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की कृश माणसात या बदलाचा परिणाम थोडा असतो आणि वजन वाढते तसतसा तो वाढत जातो. शिवाय असा वारसा असलेल्यांनी वजन घटवले, तर त्यांच्याही यकृतातील चरबी उतरते. म्हणजे उमेद सोडण्याचे कारण नाही.

एक धोका मात्र ओळखून असावे. उद्या मालक कामावर घेण्यापूर्वी रक्ताची परीक्षा करून माणसे निवडू लागला तर? अमेरिकेत त्याच २००८ साली कायदा करून जनुकांच्या माहितीवरून नोकरी नाकारण्यास मनाई करण्यात आली. आपणही या प्रश्नी जागे राहिले पाहिजे.

वारसा बदलणे कोणाच्या हाती नाही; पण उपाहारगृहात काय शिजते, पाळी केव्हा सुटते, झोप किती मिळते, हे बदलता येते. तेव्हा सोबत्याचा तपासणीचा कागद पाहून निकाल देण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य करा.