चौथा मासा आणायचा नाही

मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी भातसा धरणातून जाते. ज्या शहराला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे, त्याची तहान शहापूर तालुक्यातले हे गोडे पाणी भागवते. भातसानगरात राहून खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणे म्हणजे हा प्रवास उलटा करणे. समुद्र इथून लांब, मासे मिळण्याची ठिकाणे कुर्ला नाही तर क्रॉफर्ड मार्केट. आसनगावहून लोकलने जायचे आणि पिशवीतला जीव उकाड्यात, गर्दीत सांभाळत परत आणायचा. म्हणून इथे माशाची निवड दुकानात गेल्यावर करून चालत नाही, ती घरी बसून आधीच व्हावी लागते.

माझी टाकी अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढीच उंच. हिशेबाने शंभर लिटरच्या थोडी वर, पण दगड आणि वाळू आपली जागा घेतात, त्यामुळे प्रत्यक्ष पाणी नव्वद लिटरच्या आतबाहेर. गोड्या पाण्याच्या एवढ्या टाकीत गप्पी, टेट्रा यांचा मोठा थवा आरामात राहतो. खाऱ्या पाण्यात तसे नाही. समुद्राच्या पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो आणि पाणी तापले की आणखी कमी. शिवाय या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4 ठेवावा लागतो आणि पीएच जितका चढा, तितका माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया जास्त विषारी. टाकी लहान असली की चूक पातळ करायला पाणीच नसते.

त्यात भातसानगरचा उन्हाळा. पाणी 25-26 अंशांवर राहिले तर बरे, पण मे महिन्यात दुपारी ते सहज 30 च्या पुढे सरकते. पाण्यावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, मात्र बाष्पीभवन वाढते. वाफ होऊन जाते ते नुसते पाणी, मीठ मागे उरते. म्हणून भर घालायची ती मिठाच्या पाण्याची नाही, शुद्ध पाण्याची, आणि रोज. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरायचा आणि निळ्या-पांढऱ्या सीमारेषेवर आकडा वाचायचा: 1.025. पावसाळ्यात हवाच ओली असते, पंख्याचा उपयोग घटतो, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवाच. वीज नसलेल्या त्या तासांत टाकीत जीव किती आहेत, यावर सगळे ठरते.

पाण्याचा दुसरा हिशेब शहापूरचा आहे. धरणे याच तालुक्यात, आणि उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यात. खाऱ्या टाकीला आरओचे पाणी लागते, आणि घरगुती आरओ जेवढे पाणी देतो त्याहून जास्त टाकून देतो. टाकून दिलेले ते पाणी भांड्यांना, झाडांना वापरता येते, आम्ही वापरतोच. पण खरी बचत टाकीतल्या जीवांच्या संख्येत आहे. मासे कमी, तर विष्ठेपासून शेवटी उरणारे नायट्रेट हळू चढते. नायट्रेट हळू चढले, तर बदलायचे पाणीही कमी. आठवड्याला आठ-नऊ लिटर पाणी आणि लिटरमागे साधारण 36 ग्रॅम मीठ एवढ्यावर भागते ते टाकीत तीनच मासे आहेत म्हणून.

आणायच्या जीवांच्या यादीला लावायची पहिली गाळणी कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या अनुसूचीत 2001 साली समुद्रघोडे, कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रकाकड्या आणि काही महाकाय शिंपले यांची भर पडली. कोणी कोपऱ्यात नेऊन प्रवाळाचा तुकडा नाही तर समुद्रघोडा दाखवला, तर तिथून निघायचे. टाकीतला दगडही याच गाळणीतून जातो. मृत प्रवाळाचा दगड सच्छिद्र असतो आणि अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना राहायला उत्तम, पण तो आपल्या किनाऱ्यावरच्या खडकरांगेतून फोडून आणलेला असू शकतो. माझ्या टाकीत भाजलेल्या मातीचा सच्छिद्र दगड आहे. जिवाणू त्यातही राहतात, फक्त रुळायला जास्त वेळ घेतात.

दुसरी गाळणी वाढीची. 2003 साली 'फाइंडिंग नीमो' हा चित्रपट आला. त्यातला निळा सर्जनफिश मुलांना नावानिशी ठाऊक आहे. दुकानात तो दोन बोटांएवढा असतो, पूर्ण वाढला की फूटभर होतो आणि त्याला दिवसभर पोहायला लांब पल्ला लागतो. अडीच फुटांच्या टाकीत त्याला आणणे हा अन्याय आहे. 1951 साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या मोठ्या टाक्यांना जे शोभायचे, ते घरात आणायचे नसते.

तिसरी गाळणी पोटाची. मँडरिन मासा इतका देखणा की नजर हटत नाही, पण तो दगडांवरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड सतत टिपून खातो. लहान टाकीतले कोपेपॉड तो लवकरच संपवतो, बहुतेकदा बाहेरच्या खाद्याला तोंड लावत नाही, आणि वाळत जातो. तारामाशांचेही बहुधा तसेच. समुद्रफुलाला तीव्र उजेड आणि जुनी, स्थिरावलेली टाकी लागते. जागा पसंत पडली नाही तर ते सरकू लागते आणि पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, तोंडात सापडले की सगळी टाकी नासवते. क्लाउनफिशला ते हवेच असते हा समज खरा नाही. समुद्रात त्याला लपायला समुद्रफुलाचा आधार लागतो. टाकीत खाणारा शत्रूच नसला, तर दगडाची कपार पुरते.

चौथी गाळणी शेजाराची, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. दुकानदार म्हणतो, "भाऊ, चार डॅमसेल न्या. काटक मासा, मरत नाही." काटक आहे हे खरे. पण डॅमसेल वाढला की टाकीचा कोपरा नाही, अख्खी टाकी आपली मानतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाचे पंख फाडतो. लायनफिश आणि हॉकफिश कोळंबीकडे खाद्य म्हणूनच पाहतात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची बॉक्सर कोळंबी दिसायला रुबाबदार, पण दुसऱ्या कोळंबीला ती सुखाने राहू देत नाही. इतर कोळंब्यांना धोका असतो तो विशेषतः कात टाकल्यावर, कारण नवे कवच कठीण होईपर्यंत त्यांचे अंग मऊ असते.

एवढे गाळून उरले ते असे: क्लाउनफिशची एक जोडी, एक पिवळा वॉचमन गोबी, त्याच्या सोबतीला एक पिस्तूल कोळंबी, एक क्लीनर कोळंबी, काही गोगलगायी आणि दोन हर्मिट खेकडे. खेकड्यांसाठी थोडे मोठे रिकामे शंख टाकीत कायम पडलेले हवेत. नाहीतर ते गोगलगायीला मारून तिचे घर घेतात.

क्लाउनफिश घ्यायचे ते हॅचरीत जन्मलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या अनेक जातींची पैदास टाक्यांत करून दाखवली आहे. आपल्याकडे कांदळवन प्रतिष्ठानने ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभारली. हॅचरीतला मासा दाणा ओळखतो, बंदिस्त जागेला सरावलेला असतो, आणि तो स्वतः समुद्रातून पकडून आणलेला नसतो. जोडी निवडताना एक ठळकपणे मोठा आणि एक लहान घ्यायचा. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात, त्यांतला वरचढ पुढे मादी होतो. आकारातच फरक असला की कोण वरचढ हे भांडणाविना ठरते.

गोबी आणि पिस्तूल कोळंबी यांचे एकत्र राहणे तर तासन्‌तास पाहावे. कोळंबीला फारसे दिसत नाही. ती वाळूत बीळ खणते, पुढच्या नांग्यांनी वाळू लोटत बाहेर आणते, आणि त्या वेळी तिची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबी बिळाच्या तोंडाशी बसून पहारा देतो. खोलीत कोणी झटकन उठले की त्याची शेपटी थरथरते, आणि मिशीतून ती खबर लागताच कोळंबी आत. धोका वाढला तर गोबीही तिच्या मागोमाग. कधी रात्री टाकीतून काच तडकल्यासारखा 'टक्‌' आवाज येतो. तो तिच्या मोठ्या नांगीचा: नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो. ती दगडाखालचीही वाळू काढते, म्हणून दगड आधी थेट तळाच्या काचेवर बसवायचे आणि वाळू मागाहून टाकायची. वाळूवर ठेवलेला दगड एक दिवस तिच्याच अंगावर कोसळेल.

निवडीइतकाच क्रमही महत्त्वाचा. आधी रिकाम्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू वाढू द्यायचे. याला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तच. काचेवर तपकिरी शेवाळ धरू लागले की गोगलगायी आणि खेकडे. मग गोबी आणि त्याची कोळंबी, म्हणजे बुजऱ्यांना बीळ करायला उसंत मिळते. क्लाउनफिश सगळ्यांत शेवटी, कारण आधी आले तर तेच मालक होतात. दोन आगमनांमध्ये काही आठवडे जाऊ द्यायचे, जिवाणूंना वाढलेला भार पेलायला वेळ लागतो.

कोळंबी-गोगलगायींना खारटपणातला अचानक बदल सोसत नाही. पिशवीतले पाणी बादलीत घेऊन बारीक नळीने टाकीतले पाणी त्यात थेंब थेंब सोडायचे, तासभर तरी. नवा मासा मात्र आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत राहतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध चालते, आणि तेच तांबे कोळंबी आणि गोगलगायीला मारते. मुख्य टाकीत रोग शिरला तर माशांना वाचवायचे औषध तिथे घालताच येत नाही. मासे आणि कोळंबी एकत्र ठेवायचे ठरले, की ही वेगळी टाकीही निवडीचाच भाग होते.

टाकी पाहायला येणारे विचारतात, "एवढी जागा रिकामी आहे, आणखी एखादा रंगीत मासा का नाही आणत?" ती जागा रिकामी नाही. वीज गेल्यावर पुरणारा प्राणवायू तिथे आहे, मेच्या दुपारी तग धरण्याची ताकद तिथे आहे, आणि शहापूरच्या उन्हाळ्यात वाचलेले पाणी तिथे आहे. लहान टाकी ठेवणाऱ्याने शिकायचे ते हेच: आवडलेल्या प्रत्येक जीवाचे पूर्ण आयुष्य आधी मोजायचे आणि ते आपल्या काचेत मावत नसेल तर त्याला दुकानातच राहू द्यायचे, त्याहून चांगले समुद्रात. तीन मासे ठेवले आहेत. चौथा आणणार नाही.