जीपच्या जाळीची ऐंशी वर्षं

जुनी जीप पुन्हा उभी करायला घेतली की इंजिनाचे सुटे भाग खटपट करून मिळतात. काम अडतं ते पुढच्या जाळीपाशी. सडलेला पत्रा, वाकलेल्या खाचा, कुणीतरी मोठा रेडिएटर बसवताना कापलेली कड. खरं तर या जाळीचा जन्मच फॅब्रिकेशनच्या कामातला.

१९४१ साली विलीजने अमेरिकी सैन्यासाठी एमबी जीप काढली, तेव्हा तिच्या तोंडाला चापट लोखंडी पट्ट्या उभ्या वेल्ड केलेल्या असत. खिडकीचं ग्रिल करणाऱ्या कारागिराला जमेल असंच ते काम. अशा पंचवीसेक हजार गाड्या निघाल्या. मग तीच जीप बनवणाऱ्या फोर्डने पत्रा प्रेसखाली घातला आणि नऊ खाचांची अखंड जाळी काढली. ती हलकी होती, स्वस्तही. १९४२ मध्ये विलीजनेही तीच घेतली.

युद्ध संपलं, १९४५ मध्ये नागरी सीजे-२ए आली. एमबीचे दिवे जाळीच्या मागे असत. बिजागरीवर उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येई. नव्या गाडीत दिवे मोठे होऊन पुढे आले, खाचा सातच उरल्या. १९५३ च्या सीजे-३बीमध्ये हरिकेन इंजिन आलं. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असल्याने इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर गेलं आणि जाळीही उंच झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जीप जुळवू लागलेल्या महिंद्राने पुढे हेच मॉडेल दीर्घकाळ बनवलं. आपल्या डोळ्यांना सवयीची जीप उंच कपाळाची, ती यामुळे.

प्रेसने जे स्वस्त केलं, तेच आज हाताने करताना महाग पडतं. खाच म्हणजे नुसतं भोक नव्हे. तिच्या कडा मागे वळवलेल्या असतात, पातळ पत्र्याला ताठपणा येतो तो त्या वळणातून. डेंटर आधी पुठ्ठ्याचा नमुना कापतो, खाचेच्या दोन्ही टोकांना ड्रिल मारतो, मधला पत्रा काढतो आणि फर्म्यावर हातोडीने कड हळूहळू वळवतो. वेल्डिंगही सलग ओढून चालत नाही. एक टाका इथे, दुसरा लांब तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं. नाहीतर पत्रा उष्णतेने लाटा धरतो. शेवटी रंगाआधी जाळी, दोन्ही मडगार्ड आणि बॉनेट सैल बोल्टांवर लावून बघायचे. बॉनेटची पुढची कड जाळीवर टेकते. जाळी जरा तिरकी बसली, तरी फट एका बाजूला रुंदावते आणि पुट्टीने ती लपत नाही.

या तोंडाची किंमत कोर्टकचेरीतही दिसली. २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत रॉक्सर आणली, तेव्हा जीपची मालक फियाट क्रायस्लर रूपाच्या नकलेची तक्रार घेऊन तिथल्या व्यापार आयोगाकडे गेली. जून २०२० मध्ये निकाल महिंद्राविरुद्ध लागला. रूप बदललेल्या रॉक्सरला डिसेंबरात मोकळीक मिळाली.

म्हणूनच जुन्या गाडीची जाळी सरसकट भंगारात टाकून नवी बसवण्याची घाई नको. सडतो तो बहुधा खालचा पट्टा. तेवढाच कापून त्याच जाडीचा पत्रा जोडला, तर कारखान्यातल्या प्रेसने वळवलेल्या कडा शाबूत राहतात. त्या खाचांवरून आणि उंचीवरून गाडीचा काळ ओळखता येतो; कागदपत्रं हरवलेल्या गाडीत तर हा पुरावा जपायलाच हवा.