चेतकची चाके : जुनी राखावीत की नवी आणावीत?

जुन्या बजाज चेतक स्कूटरची रिम दोन तुकड्यांची असते. जाड पोलादी पत्रा प्रेसखाली दाबून घडवलेले हे दोन भाग पाच नटांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि तयार झालेले चाक आणखी पाच नटांनी ब्रेकच्या ड्रमवर बसते. टायरचे माप ३.५०-१०. पुढचे, मागचे आणि स्टेपनीचे चाक एकसारखेच, त्यामुळे कुठलेही कुठेही चालते. ही रचना मूळची इटलीच्या व्हेस्पाची. पियाज्जिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवणाऱ्या बजाज ऑटोचा करार १९७१मध्ये संपला आणि १९७२पासून चेतक बाजारात आली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळालेली गाडी माणसे सहजासहजी भंगारात घालत नाहीत. पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ती अजून ताडपत्रीखाली उभी दिसते, ती त्यामुळेच.

पहिल्या चेतक आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. रिमचे नाव त्यात नाही. म्हणजे बाजारातली नवी रिम बसवली म्हणून गाडीचा मान जात नाही. अमेरिकेतल्या साठीच्या दशकातल्या दणकट मोटारींची गोष्ट निराळी. तिथे शेव्हरलेच्या रॅली चाकावर ठोकलेला सांकेतिक क्रमांक आणि तारीख पाहून भाव ठरतो, आणि नक्कल कितीही हुबेहूब असली तरी स्वस्तात जाते. चेतकला हे वेड अजून लागलेले नाही, हे बरेच आहे.

जुनी रिम उघडण्याआधी ट्यूबमधली हवा पूर्ण काढावी लागते. हवा भरलेली असताना जोडाचे नट सैल केले, तर दोन्ही भाग उसळून हात मोडू शकतो. रिम उघडली की खरे रूप दिसते. बाहेरून चकचकीत रंग असला तरी दोन भागांच्या सांध्यात पाणी मुरलेले असते. तिथल्या गंजाचे पापुद्रे ट्यूब कुरतडतात. वारंवार पंक्चर होण्याचे कारण पुष्कळदा खिळ्याऐवजी हेच निघते. सँडब्लास्टिंग करून गंज उतरवला की पत्रा किती उरला ते कळते. वरवरचे खड्डे चालतात. आरपार भोके पडली असतील किंवा कड कागदासारखी पातळ झाली असेल, तर रिम बाद.

पुढची तपासणी सरळपणाची. नुसती रिम ड्रमवर बसवून चाक फिरवायचे आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक कडेजवळ स्थिर धरायचे. मधली फट कमीजास्त झाली, तर रिम ‘आउट’ आहे. खड्ड्यात आपटून कड थोडी वाकली असेल तर कसबी डेंटर ती सरळ करतो. नटांची भोके लांबट झाली असतील तर मात्र इलाज नाही. भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडणारे कारागीर भेटतात. चालत्या चाकावर असला प्रयोग करू नये. रंगाच्या बाबतीतही जपावे. पावडर कोटिंग देखणे दिसते, पण नट बसतो तिथे त्याचा जाड थर दबतो आणि नट सैल पडतो. तेवढी जागा झाकून घ्यायला सांगावे.

येझदी आणि बुलेट या मोटारसायकलींच्या तारांच्या चाकांत हिशेब बदलतो. तिथे हब मूळचा ठेवून रिम आणि तारा बदलता येतात. जुन्या रिमला पुन्हा क्रोम करायचे तर खड्डे जाईपर्यंत घासावे लागते आणि तेवढा पत्रा पातळ होतो. नक्कल रिममध्ये तारेच्या भोकाचा कोन आधी पाहावा. तो हबच्या दिशेने नसेल तर निपलपाशी तार वाकते आणि पुढे तिथेच तुटते.

चेतकची नवी रिम घ्यायला गेले, तर पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांत ‘कंपनीचा’ आणि ‘लोकल’ असे दोन माल सांगितले जातात. वेष्टनावर विसंबण्यापेक्षा जुनी रिम बरोबर न्यावी. दोन्ही वजनाला पाहावीत, नव्या रिमचे दोन भाग एकमेकांवर ठेवून फट येते का ते पाहावे. जुन्या बाजारात मूळची रिम हाती लागलीच, तर वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या तिलाही लागू आहेत.

भोके गोल, कड शाबूत आणि चाक सरळ किंवा सरळ करता येण्याजोगे असेल, तर मूळची रिम राखावी; नक्कल घेण्याचे कारण नाही. यातले एक जरी चुकले, तर पुढच्या आणि मागच्या चाकाला नवी रिम लावावी आणि जुनी, रंगवून, फार तर प्रदर्शनापुरती स्टेपनीच्या जागी ठेवावी. बसवलेली चाके जुनी असोत की नवी, पहिल्या काही किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळून घ्यावेत.