प्रबंधावांचून एम्. ए. : कलेतिहासाचा एक अमेरिकन अभ्यासक्रम

कलेतिहासाची एम्. ए. पदवी प्रबंध न लिहितांही मिळूं शकते, असें सांगितल्यास आमच्या संग्राहकमंडळींपैकीं पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात. जुनी सचित्र पोथी अशा पदवीधराच्या हातीं द्यावी काय, हा त्यामागील खरा प्रश्न. तो रास्त आहे. परंतु प्रबंधाच्या जागीं विद्यार्थ्याकडून काय करवून घेतात हें पाहिल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

अमेरिकेंतील विद्यापीठांत या पदवीस सामान्यतः दहा ते बारा पाठक्रम पुरे करावे लागतात. प्रबंध लिहिणारास त्यांपैकीं बहुधा दोहोंची सूट मिळते. न लिहिणारास ते पुरे करून शिवाय सर्व विषयाची परीक्षा द्यावी लागते, किंवा एक-दोन निबंध परीक्षकांपुढें ठेवावे लागतात.

मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील विल्यम्सटाउन या लहानशा गांवीं विल्यम्स कॉलेज व क्लार्क कलासंस्था यांनीं मिळून १९७२ मध्यें सुरू केलेला दोन वर्षांचा अभ्यासक्रम हा या प्रकाराचा चांगला नमुना होय. क्लार्क संस्थेचें संग्रहालय १९५५ सालीं उघडलें. तिच्या ग्रंथालयांत दोन लक्षांहून अधिक ग्रंथ आहेत. येथें प्रबंध नाहीं. त्याऐवजीं चर्चावर्गांत लिहिलेला एखादा निबंध घेऊन, अध्यापकांच्या टीकेप्रमाणें तो पुन्हां शोधून, पात्रतानिबंध म्हणून सादर करावयाचा. आणि अखेरीस जाहीर परिसंवादांत आपलें संशोधन व्याख्यानरूपानें मांडावयाचें. प्रबंध कपाटांत जाऊन निजतो. येथें श्रोता प्रश्न विचारावयास समोरच बसलेला असतो! ही अट हलकी आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

याहून महत्त्वाची अट भाषेची. परभाषेंतील ग्रंथ मुळांतून वाचतां येणें अमेरिकेंतील बहुतेक कलेतिहासविभागांस अवश्य वाटतें, व तेथें जर्मन भाषेस विशेष मान आहे. कारण हें शास्त्र वाढलें मुख्यतः जर्मन भाषेंत. वोल्फलिन याचा कलेतिहासाच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ १९१५ सालीं त्याच भाषेंत निघाला. परीक्षा बहुधा कोश जवळ घेऊन उतारा भाषांतरित करण्याची असते. बोलतां येण्याची अपेक्षा नसते. आमच्या पोथ्यांस मात्र जर्मनचा उपयोग थोडा. दख्खनी चित्रावरील फारसी अक्षरें, पेशवाईंतील चित्राच्या पाठीवरचा मोडी मजकूर, पोथीच्या अखेरची संस्कृत पुष्पिका हीं ज्यास वाचतां येत नाहींत, पुष्पिकेंतील शकाचा आंकडा व संवत्सराचें नांव परस्परांशीं जुळतात कीं नाहीं हें ज्यास पडताळतां येत नाहीं, त्याचें कालनिर्णयाचें अनुमान अधांतरींच राहणार. मग त्यानें प्रबंध लिहिलेला असो वा नसो.

प्रबंधाअभावीं जें उणें राहतें तेंही सांगितलें पाहिजे. एकाच संग्रहांत महिनेच्या महिने बसून पानांचा क्रम लावणें, पाठ ताडून पाहणें, चित्रकाराचा हात ओळखणें, ही बैठक चर्चावर्गांतील निबंधानें येत नाहीं. पुढें पीएच्. डी. करणाराची ही उणीव तेथें भरून निघते. संग्रहालयांत सूचीकाराचें काम पत्करणारास ती कामावर असतांनाच भरून काढावी लागते.

तेव्हां संग्राहकांनीं अशा पदवीधराकडून पदवीपत्रापूर्वीं पात्रतानिबंधाची प्रत मागवावी, आणि आपल्याजवळच्या एका सचित्र पानाचें वर्णन त्याच्याकडून लिहवून घ्यावें: माप, कागद, रंग, वरील लेख, पुष्पिका, व तें पान पूर्वीं कोणाकडे होतें तें.