टाकीपासून ठिणगीपर्यंत

मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते सुटे करून खाली उतरवले गेले आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते डोळे भरून पाहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची ‘व्हीटी-एनएमडी’ या नावाने नोंदणी केली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी दिली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेले. गच्ची, नोंदणी आणि सरकारदरबारच्या खेपा यांविषयी वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिले. पण असे विमान बांधणारा माणूस जगात कुठेही असो, त्याची खरी कसोटी फोटोत न दिसणाऱ्या जागी लागते. टाकीतले इंधन इंजिनापर्यंत अखंड पोचले पाहिजे आणि तिथे बरोबर क्षणी ठिणगी पडली पाहिजे. हा लेख त्या दोन वाटांविषयी आहे.

पंख जुळले, ढाचा उभा राहिला, चाके लागली की बघणाऱ्याला विमान झाल्यासारखे वाटते. बांधणाऱ्यालाही उड्डाणाची घाई होते, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला. इंजिन-यंत्रणेतला बिघाड आणि हवेत विमानावरचा ताबा सुटणे ही त्यात सर्वांत जास्त आढळलेली कारणे होती, आणि बरेच अपघात विमानाच्या अगदी पहिल्या काही तासांत झालेले होते. म्हणून मंडळाने सुचवले की इंधनव्यवस्थेची चाचणी करून तिची कागदोपत्री नोंद दाखवल्याशिवाय अशा विमानाला मान्यता देऊ नये. इतक्या मोठ्या अभ्यासातून निघालेली ही सूचना नळ्या आणि व्हॉल्व्ह यांच्याविषयी आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात सगळे साधे होते. छोटी टाकी वर बसवलेली, इंधन आपल्या वजनाने खाली येणार, पंप नाही. आजही ज्या विमानांचे पंख केबिनच्या वर असतात त्यांना हा फायदा मिळतो. शिकाऊ वैमानिक ज्यावर हात बसवतात त्या सेसना १५२ मध्ये दोन्ही पंखांतल्या टाक्यांतले पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने उतरते. पंख खाली असले की टाकी इंजिनापेक्षा खाली जाते आणि इंधन वर ओढावे लागते. मग इंजिनावर चालणारा एक पंप आणि तो बंद पडला तर हाताशी असावा म्हणून विजेवरचा दुसरा पंप, असे दोन लागतात. अशा विमानात इंधनाच्या कॉकवर सहसा ‘डावी’ आणि ‘उजवी’ एवढेच पर्याय असतात, ‘दोन्ही’ नसतो. एक टाकी कोरडी पडली तर पंप तिथून सोपी पडणारी हवाच ओढेल आणि दुसऱ्या टाकीत पेट्रोल असूनही इंजिन उपाशी मरेल.

टाकीतून बाहेर पडतानाच जाळी, मग कॉक, मग इंजिनाच्या आगभिंतीजवळ सर्वांत खालच्या जागी गाळणीची वाटी. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते या वाटीत येऊन बसते. प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिक तिथून थोडे इंधन पारदर्शक भांड्यात काढतो आणि तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का ते पाहतो. टाकीला हवा आत घेणारी बारीक नळीही असावी लागते. पेट्रोल जसे खाली जाईल तशी वरची जागा हवेने भरली नाही, तर टाकीत पोकळी होते आणि भरल्या टाकीतून एक थेंबही उतरत नाही. आपल्या भागात कुंभारीण माशी भिंतीच्या भोकात, खुर्चीच्या पोकळ पायात मातीचे घर करते. महिनाभर उभ्या असलेल्या विमानाच्या या नळीतही ती तेच करते. म्हणून नळीच्या तोंडाला जाळी लावतात आणि तरीही प्रत्येक वेळी डोळ्यांनी तपासतात.

कॉक कुठे बसवायचा, हाही जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकतो. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात नुकतेच विकत घेतलेले ‘लाँग-ईझी’ विमान उडवताना समुद्रात कोसळून मरण पावला. ते विमान एका हौशी माणसाने बांधलेले होते. बर्ट रुटन यांच्या मूळ नकाशात कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला. हेतू चांगला होता, इंधनाच्या नळ्या केबिनमध्ये येऊ नयेत एवढाच. पण कॉक फिरवायचा तर वैमानिकाला मागे वळावे लागे, आणि वळताना पाय रडरच्या पेडलवर रेटला जाण्याचा धोका होता. टाकीत इंधन कमी होते, उड्डाणाआधी ते भरून घेतले नव्हते. तपासात या सगळ्याची साखळी पुढे आली. नकाशातला प्रत्येक बदल हा नवा प्रयोग असतो, आणि तो जमिनीवर बसून, पट्टे बांधून, हात पुरवून आधी करून पाहावा लागतो.

टाकी, कॉक, गाळणी आणि पंप एकमेकांना जोडणारा सांधा जवळून पाहण्यासारखा आहे. पाव इंचापासून तीन अष्टमांश इंचापर्यंतची मऊ ॲल्युमिनियमची नळी कटरने सरळ कापायची. आतली आणि बाहेरची बोचरी कड काढायची, कीस फुंकून साफ करायचा. मग नट आणि त्याची बाही नळीवर सरकवायची आणि नंतरच नळीचे टोक पसरवायचे. ती विसरून टोक पसरवले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. पसरवण्याचे साधन ३७ अंशांचे हवे. गाड्यांच्या ब्रेकलाइनसाठी गॅरेजात जे असते ते बहुधा ४५ अंशांचे. त्याने केलेला सांधा आवळता येतो, पहिल्या दिवशी गळतही नाही, पण दोन पृष्ठभाग एका कडेवरच टेकतात आणि इंजिनाच्या थरथरीने तिथेच तडा जातो. या सांध्यावर टेप गुंडाळायची नसते, धातूवर धातू बसूनच तो बंद होतो. टेपचा सुटलेला धागा थेट कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात जाऊन बसू शकतो. विजेची वायर आणि इंधनाची नळी शेजारून न्यावी लागली तर वायर वर, नळी खाली. गळाले तरी पेट्रोल वायरवर टपकू नये.

सांधे झाले की मोजणी. इंजिन उड्डाणाच्या वेळी तासाला ५० लिटर पीत असेल, तर गुरुत्वाकर्षणाच्या व्यवस्थेतून दीडपट, म्हणजे तासाला ७५ लिटर आले पाहिजे. पंपाच्या व्यवस्थेतून सव्वापट, म्हणजे साडेबासष्ट. पद्धत सोपी आहे. विमानाचे नाक चढाईच्या कोनात उचलून ठेवायचे, टाकीत थोडेसेच इंधन घ्यायचे, कार्ब्युरेटरजवळची नळी सोडून मापाच्या भांड्यात धरायची आणि घड्याळ लावायचे. पहिल्या व्यवस्थेत मिनिटाला सव्वा लिटर पडले पाहिजे. कमी पडले तर कुठेतरी नळी चेपली आहे, वळण जास्त आहे किंवा हवेची वाट बंद आहे. शेवटी टाकीत जे उरते आणि येतच नाही, ते ‘न वापरता येणारे इंधन’ म्हणून लिहून ठेवायचे. गेजवरचा शून्य त्या आकड्यावर आला पाहिजे.

मध्य प्रदेशातल्या आपल्या सौंसर-पांढुर्णा पट्ट्यातल्या उन्हाचा इथे वेगळा विचार करावा लागेल. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की बोनेटखाली, धुराड्याजवळून गेलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि वाफ पंपाला ओढता येत नाही. त्यासाठी नळ्या धुराड्यापासून लांब न्यायच्या, त्यांना आग सोसणारे आवरण घालायचे आणि पंप शक्य तितका टाकीजवळ, खाली बसवायचा. दुसरा प्रश्न पेट्रोलचाच आहे. २०२३ पासून आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या प्रकारचे रबर व सीलिंगचे लेप खराब करते. हौशी विमानांत लोकप्रिय असलेल्या रोटॅक्स ९१२ इंजिनालासुद्धा १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य आहे. विमानांसाठीचे निळे ‘एव्हगॅस १०० एलएल’ भारतात पूर्वी बाहेरून येई. इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२२ मध्ये ते देशात तयार करून बाजारात आणले. त्यामुळे रस्त्यावरच्या पंपावरून कॅन भरून आणण्याचा विचार मनातही आणू नये.

आता ठिणगी. ज्यांनी लुना किंवा चेतक खोलली आहे त्यांना मॅग्नेटो नवा नाही. चुंबक फिरतो, वेटोळ्यात वीज तयार होते, पॉइंट उघडतात आणि प्लगवर करंट जातो; बॅटरी लागत नाही. विमानातही तत्त्व तेच, फक्त सगळे दुहेरी. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, आणि ते दोन वेगवेगळ्या मॅग्नेटोंवर. एक मेला तर दुसरा इंजिन चालू ठेवतो. दोन बाजूंनी पेट घेतल्यामुळे मिश्रण लवकर आणि सारखे जळते, थोडी ताकदही वाढते. विमानाची सगळी वीज गेली तरी इंजिन चालत राहते, हा या जुन्या यंत्राचा मोठेपणा. आज अनेक जण एक मॅग्नेटो काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावतात. पण ज्याला बॅटरी लागते त्याला दुसऱ्या बॅटरीचा आधार दिलाच पाहिजे, नाहीतर दुहेरीपण नावापुरते उरते.

टायमिंग लावताना हाताला सगळ्यात जास्त धीर लागतो. आधी वरचे सगळे प्लग काढायचे. पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवून पंखा हळूहळू फिरवायचा. दाब अंगठा उडवू लागला की कॉम्प्रेशनचा फेरा सापडला. मग इंजिनाच्या पाटीवर लिहिलेल्या कोनावर, बऱ्याच लायकमिंग इंजिनांत पिस्टन सर्वांत वर असतो त्या मृतबिंदूच्या २५ अंश आधी, खूण जुळवायची. दोन्ही मॅग्नेटोंना दिव्याचे यंत्र जोडून त्यांचे पॉइंट एकाच क्षणी उघडतात का ते पाहायचे. एक दिवा आधी आणि दुसरा नंतर लागला तर मॅग्नेटो केसभर फिरवून पुन्हा सुरुवात. चार सिलिंडरच्या लायकमिंगचा क्रम १-३-२-४ असतो. दोन तारांची अदलाबदल झाली तर इंजिन खोकते, कधी उलटा झटका देते. सुरू करताना पंखा फार हळू फिरतो, म्हणून मॅग्नेटोत स्प्रिंगची एक जोडणी असते. ती चुंबकाला अडवून धरते आणि मग एकदम सोडते, तेव्हा ‘टक्’ असा आवाज येतो. त्या झटक्याने ठिणगी जोरदार होते आणि थोडी उशिरा पडते.

मॅग्नेटो बंद करणे म्हणजे त्याला अर्थिंग देणे. त्यासाठी चावीपासून मॅग्नेटोपर्यंत एक वायर जाते. ती तुटली तर चावी बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो, आणि कुणी सहज पंखा हाताने फिरवला तर इंजिन अचानक सुरू होऊ शकते. म्हणून थांबलेल्या पंख्यालाही चालू समजूनच वागावे. उड्डाणाआधीची तपासणीही याच व्यवस्थेची असते. सेसना १५२ मध्ये इंजिन १७०० फेऱ्यांवर ठेवून एकेक मॅग्नेटो बंद करतात. फेऱ्या १२५ पेक्षा जास्त पडू नयेत आणि दोघांतला फरक ५० पेक्षा जास्त नसावा. फेऱ्या अजिबात पडल्या नाहीत तर त्यावर खूश व्हायचे नाही. बंद केलेला मॅग्नेटो बंदच झालेला नसावा, असा त्याचा अर्थ आहे.

आपल्या पट्ट्यात हाताची अक्कल कमी नाही. लोधीखेड्याच्या परिसरात ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, जुन्या मोटारसायकली वर्षानुवर्षे चालत्या ठेवणारे मिस्त्री आहेत, आणि शेजारी बोरगावात रेमंडसारखा कारखाना उभा आहे. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या प्रवासी विमानांची देखभाल होते. अडलेले काम भागवून नेण्याचे कौशल्य मात्र विमानात थेट चालत नाही. तिथे बदललेला प्रत्येक सुटा भाग, आवळलेला प्रत्येक नट आणि मोजलेला प्रत्येक लिटर तारखेसह वहीत लिहावा लागतो आणि दुसऱ्या जाणत्या माणसाला दाखवावा लागतो. अमोल यादवांच्या विमानाला नोंदणीपासून उड्डाणाच्या परवानगीपर्यंत जवळपास दोन वर्षे लागली. त्या काळाकडे नुसता अडथळा म्हणून पाहू नये. हातात कसब असलेल्या तरुणांना आपल्या आयटीआयमध्ये ही वही ठेवायला, सांधा मोजायला आणि टायमिंग दोनदा तपासायला शिकवले, तर पुढचे विमान या भागातल्या एखाद्या शेडमध्ये बांधले जाऊ शकेल, आणि त्यात बसायला ते बांधणाऱ्याच्या घरच्यांना भीती वाटणार नाही.