आगगाडी मुलांच्या हाती द्या!

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आपल्या विदर्भातला तान्हा पोळा. आदल्या दिवशी मोठ्यांचे खरे बैल सजतात, दुसऱ्या दिवशी मुलांचे लाकडी. चाकं लावलेला बैल, शिंगांना बेगड, पाठीवर झूल! पोरं दोरीनं ओढत त्याला दारोदार नेतात. आपण बैलाला ओवाळतो आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवतो. ज्या घरात आज शेती नाही, दारात बैल नाही, त्या घरातल्या मुलालाही बैलाचं कौतुक असतं ते या एका दिवसामुळे. बैल त्याच्या हातात असतो, तो त्यानं स्वतः सजवलेला असतो, आणि चार माणसं येऊन ‘वा, छान!’ म्हणतात.

हे सांगायचं कारण म्हणजे एक निराळाच छंद. छोट्या आगगाड्यांचा. जगभरचे या छंदाचे शौकीन आज एकाच काळजीत आहेत : आपल्यामागे हे कोण सांभाळणार? संमेलनांत, प्रदर्शनांत ते मुलांना ओढून आणायच्या नाना युक्त्या लढवत आहेत. मैत्रिणींनो, त्या युक्त्या नीट पाहिल्या तर आपल्या तान्ह्या पोळ्याचीच आठवण होते.

आधी हा छंद म्हणजे काय ते पाहू. बाजारात मिळणारी प्लास्टिकची गाडी हे नुसतं खेळणं. ‘मॉडेल’ म्हणजे खऱ्या गाडीची मापात केलेली लहान आवृत्ती. सर्वांत जास्त चालणारं माप एकास सत्त्याऐंशी. म्हणजे खरी वस्तू ८७ पट लहान करायची. या मापानं १६० सेंटिमीटर उंचीची बाई दोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, आणि आजचा साडेतेवीस मीटरचा प्रवासी डबा २७ सेंटिमीटरचा होतो. साधारण आपल्या पोळपाटाच्या रुंदीएवढा. गाडीबरोबर मग स्टेशन आलं, सिग्नल आला, बोगदा, नदी, पूल, घरं, झाडं, माणसं आली. असं अख्खं गावच टेबलावर वसतं.

आपल्या महाराष्ट्रात हे पाहायचं तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी हौसेनं उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ला ते लोकांसाठी खुलं झालं, आणि त्यांच्या पुढच्या पिढीनं ते चालवलं. गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, मग दिवे मंद होऊन त्या शहरात रात्र होते. एका माणसाची हौस, पण तिकीट काढून आत गेलेली शाळेतली पोरं काठाला अशी चिकटून उभी राहतात की बाईंना हाका मारून मारून त्यांना बाहेर काढावं लागतं.

मग काळजी कसली? काळजी अशी की पाहणारे पुष्कळ, करणारे थोडे. या गाड्या महाग. जागा लागते, वेळ लागतो. आणि आपल्या घरातला अनुभव काय आहे? ज्या वस्तूला ‘हात लावू नकोस’ असं दहादा सांगितलं, तिच्याकडे मूल अकराव्यांदा पाहतसुद्धा नाही. ते सरळ मोबाइल उचलतं, कारण मोबाइल त्याच्या बोटाला लगेच उत्तर देतो. काचेआड ठेवलेली गाडी उत्तर देत नाही.

परदेशात याचे चटके मोठमोठ्यांना बसले. जर्मनीतली मेर्क्लिन ही या धंद्यातली जुनी, नावाजलेली कंपनी. २००९ साली तिच्यावर दिवाळखोरीचा अर्ज करायची पाळी आली. २०१३मध्ये ती खेळणी बनवणाऱ्या एका उद्योगसमूहाकडे गेली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला वॉर्लीच्या क्लबचं मोठं प्रदर्शन दरवर्षी भरायचं, तेही २०२३नंतर बंद झालं.

या मेर्क्लिनची कथा आपण बायकांनी ऐकावी अशीच आहे. १८५९ साली कंपनी सुरू झाली ती गाड्यांनी नव्हे, भातुकलीनं! बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली पत्र्याची भांडी करणं, हा तिचा पहिला धंदा. मालकाची बायको कॅरोलिन गावोगाव फिरून तो माल विकायची. त्या काळी बाईमाणसानं असं फिरणं म्हणजे केवढं धाडस! १८६६ साली नवरा वारला, तेव्हा कारखाना तिनंच सांभाळला. पुढे मुलांनी १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत चावीची आगगाडी मांडली. तिचं वैशिष्ट्य असं की रुळांची मापं ठरलेली होती, त्यामुळे यंदा थोडे रूळ घ्यावेत, पुढच्या सणाला आणखी जोडावेत, मग एखादा डबा, मग स्टेशन. भातुकलीत आपण दर यात्रेला एकेक भांडं वाढवत नेतो, तसंच. थोडक्यात सुरू होऊन हळूहळू वाढणारा खेळच घरात टिकतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

याच कंपनीनं अलीकडे तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी वेगळ्या गाड्या काढल्या. बॅटरीवर चालणाऱ्या, डबे लोहचुंबकानं एकमेकांना चिकटणारे, आदळलं आपटलं तरी चालेल अशा. मापातली अचूकता थोडी सोडली, पण गाडी पोराच्या हातात दिली.

संमेलनांतही हाच बदल दिसतो. अमेरिकेत या छंदाची राष्ट्रीय संघटना १९३५पासून आहे. तिच्या व इतर क्लबांच्या मेळाव्यांत आता मुलांसाठी निराळी टेबलं मांडतात. तिथे पुठ्ठ्याचं किंवा लाकडाचं छोटं घर नाहीतर डबा मुलानं स्वतः जोडायचा आणि घरी घेऊन जायचा. दुसरीकडे गाडी चालवण्याची कळच मुलाच्या हाती देतात. वेग वाढव, स्टेशनात थांबव, शिटी दे! बाजूला एक काका उभे असतात, पण बोलायचं कमी, असा त्यांना दंडक.

दुसरी युक्ती गोष्टीची. ‘टॉमस’ नावाचं निळं इंजिन तुमच्या नातवंडांनी टीव्हीवर पाहिलं असेल. त्याचा जन्म आजारपणातला. इंग्लंडमधल्या ऑड्री नावाच्या पाद्र्याचा मुलगा गोवर येऊन अंथरुणाला खिळला होता. त्याचं मन रमावं म्हणून वडील इंजिनांच्या गोष्टी सांगू लागले. त्या छापाव्यात हा आग्रह आईचा, म्हणजे मार्गारेटबाईंचा. १९४५ साली पहिलं पुस्तक आलं, आणि त्या गोष्टींमुळे किती मुलं आगगाड्यांच्या नादी लागली याची गणती नाही.

तिसरी युक्ती माणसांची. हॅम्बुर्ग शहरात २००१ साली उघडलेलं ‘मिनिआटुर वुंडरलँड’ हे छोट्या रेल्वेचं जगातलं सर्वांत मोठं प्रदर्शन. तिथे दर पंधरा मिनिटांनी दिवस मावळतो, लाखो दिवे लागतात. पण पाहणारे रेंगाळतात ते इंजिनापाशी नव्हे, तर बोटाच्या पेराएवढ्या माणसांपाशी. कुठे लग्न चाललंय, कुठे आग विझवताहेत. ज्याला इंजिनाचं वेड नाही, त्यालाही तिथे काही ना काही सापडतं. मुलींना या छंदात आणायचं तर हे ध्यानात ठेवावं. मात्र ‘मुलांनी गाडी करायची, मुलींनी झाडं लावायची’ अशी वाटणी नको. इंजिनाच्या तारा मुलीनंही जोडाव्यात आणि स्टेशनमास्तरणीची साडी मुलानंही रंगवावी.

आता कुणी म्हणेल, पुणं, जर्मनी सगळं ठीक. आमच्या प्रतापगडला याचं काय? अहो, आपल्याइतकी हक्काची गाडी दुसऱ्या कोणाकडे असेल?

आपल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातून जाणारी गोंदिया-नागभीड लाइन आज मोठी आहे. पण आपल्या आज्यांच्या लग्नात ती छोटी होती. अडीच फुटी रुळांवरची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या भागात त्या छोट्या गाड्या आल्या. गोंदियाहून एक फाटा नैनपूर-जबलपूरकडे, एक नागभीडकडे. १९९०नंतर आपली नागभीडची लाइन मोठी झाली. जबलपूर-नैनपूरची छोटी गाडी २०१५ साली थांबली, आणि नागपूर-नागभीडची शेवटची नोव्हेंबर २०१९मध्ये. मोठी गाडी हवीच होती, त्यात वाद नाही. पण जंगलातून डुलत जाणारी ती गाडी, तिच्यातली लाकडी बाकं, इंजिनाच्या कोळशानं काळे झालेले नव्या नवरीचे कपडे, हे सांगणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. ती गेल्यावर सांगणार कोण? नागपूरला मोतीबाग इथे १४ डिसेंबर २००२पासून छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. मुलांना एकदा तरी दाखवून आणावं. पण संग्रहालयातली गाडी पाहायची असते. घरातली गाडी करायची असते.

आणि यात एक गंमत आहे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७नं भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात मॉडेलवाल्यांचे ९ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात! म्हणजे आपली जुनी गाडी जणू मापात बसायलाच केलेली. हे गणित सातवीतल्या मुलाकडून करून घ्या. भागाकाराचा कंटाळा कुठल्या कुठे पळेल.

पण सुरुवातीला तयार रूळही नकोत आणि इंजिनही. आधी गाव वसवा, खर्च जवळजवळ शून्य. घरात काय काय वापरता येईल ते सांगते :

• डबे : टूथपेस्टच्या खोक्याचे वीतभराहून थोडे कमी तुकडे कापावे. खिडक्या आधी पेन्सिलीनं आखून मग कापाव्या. चाकांना शर्टाची जुनी बटणं.

• रूळ : जाड सुतळीचे दोन धागे ताणून, खाली खराट्याच्या काड्यांचे सारखे तुकडे आडवे डिंकानं चिकटवावे.

• झाडं : शेपू किंवा बडीशेपेचा फुलोरा सावलीत वाळवून हिरव्या रंगात बुडवावा. गवतासाठी लाकडाचा भुसा चाळून, रंगवून वाळवावा.

• धानाच्या बांध्या : चिकणमातीचे बांध घालून मध्ये टूथब्रशचे कापलेले केस रोवावे.

• तलाव : चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद. फुटका आरसा मुळीच वापरू नये.

• माणसं : काडेपेटीच्या काडीचं गुल काढून टाकावं, उरलेल्या काडीचे दोन सेंटिमीटरहून किंचित लहान तुकडे करावे, वर मातीचं डोकं, अंगाला कापडाची चिंधी.

काळजी एवढीच की ब्लेड मोठ्यांच्या हाती असावं, बारीक वस्तू आणि बटणाएवढ्या बॅटऱ्या तीन वर्षांखालच्या बाळाच्या हाती लागू देऊ नयेत, आणि गाडी पुढे विजेवर आणलीच तर ती बॅटरीची असावी. घरातल्या प्लगशी मुलांनी उघड्या तारा जोडू नयेत. सगळं एका जुन्या प्लायवर मांडलं की पलंगाखाली सरकवता येतं. झाडलोट करणाऱ्या आपल्यालाच, त्यामुळे हे आधीच ठरवून टाकलेलं बरं!

आता राहिलं संमेलन. त्यासाठी बर्मिंगहॅमला कशाला जायचं? महाशिवरात्रीला प्रतापगडची यात्रा भरते. डोंगरावर महादेव आणि दर्गा दोन्ही, दूरदूरची माणसं येतात. मुलांनी केलेलं ‘छोट्या गाडीचं अर्जुनी’ तिथे एखाद्या शाळेनं नाहीतर महिला मंडळानं टेबलावर मांडावं. शाळेच्या स्नेहसंमेलनातही चालेल. मात्र तीन गोष्टी पाळाव्या. एक, समोर दोरी बांधू नये. दुसऱ्या गावच्या पोरालाही गाडी ढकलू द्यावी. दोन, बाजूला पुठ्ठा आणि डिंक ठेवावा, म्हणजे येणारं प्रत्येक मूल एक डबा करून घरी नेईल. तीन, एका खुर्चीवर त्या गाडीतून प्रवास केलेल्या आजी किंवा आबाजींना बसवावं. गाडीला कुठे चढ लागायचा, कुठल्या स्टेशनावर चहा मिळायचा, हे त्यांना विचारून मुलांनी टेबलावर तसंच करावं.

मोडेल की काहीतरी? मोडेलच. लाकडी बैलाचंही शिंग मोडतं. ते चिकटवायला बसलेलं मूलच पुढे शौकीन होतं. तेव्हा या सुट्टीत खोकी रद्दीत घालू नका. आणि सासूबाईंना आजच विचारून ठेवा, त्या सासरी पहिल्यांदा आल्या त्या कोणत्या गाडीनं?