एकाच शर्यतीत धावलेला पंखा

१७ जून १९७८. स्वीडनमधील अँडर्स्टॉर्प येथे फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत होती. त्या दिवशी ब्रॅभम संघाने आणलेल्या दोन मोटारींच्या मागच्या बाजूस एक भला मोठा पंखा बसविलेला होता. चालक मोटार जागेवर उभी करून इंजिनाचा वेग वाढवी, तेव्हा मोटार हलकेच जमिनीकडे दबे. जणू कोणी तिला खालून ओढीत होते! यांपैकी एक मोटार निकी लाउडा चालवीत होता. त्याने ती शर्यत ३४ सेकंदांहून अधिक फरकाने जिंकली.

त्यानंतर मात्र हा पंखा कोणत्याही फॉर्म्युला वन शर्यतीत दिसला नाही. गॉर्डन मरे या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या अभियंत्याने ती मोटार रचली होती. त्याच मरे यांनी २०२० साली ‘टी. ५०’ ही पंख्याची मोटार जगासमोर मांडली. तिचे फक्त १०० नग ठरले. पुढे २२ फेब्रुवारी २०२१ रोजी, म्हणजे लाउडाच्या जन्मदिवशी, केवळ शर्यतीच्या मार्गावर चालविण्यासाठी तिची आणखी हलकी बहीण जाहीर झाली. तिचे नाव ‘टी. ५० एस निकी लाउडा’ आणि नग अवघे २५. किंमत करांखेरीज ३१ लाख पौंड! ती विकत घेण्याचे स्वप्नही न पाहणारे जगभरचे हजारो शौकीन तिची वाट पाहू लागले. एका पंख्यात एवढे काय आहे?

हे समजण्यासाठी आधी एक सोपा प्रश्न विचारू. वळणावर मोटार का घसरते?

वळण घेणाऱ्या वस्तूला वळणाच्या केंद्राकडे ओढणारे बल लागते. दोरीला बांधून फिरविलेल्या दगडाला ते दोरी पुरविते. मोटारीला दोरी नसते. तिथे टायर आणि रस्ता यांमधील घर्षण हे काम करते. वेग दुप्पट केला, तर हे बल चौपट लागते. घर्षणाला मात्र मर्यादा असते. ती ओलांडली की मोटार सरळ बाहेर फेकली जाते.

घर्षण वाढविण्यासाठी मोटार जड करावी, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. टायरवर जितका भार अधिक, तितके घर्षण अधिक, हे खरेच आहे. पण थोडे गणित करून पाहा. मोटारीचे वस्तुमान m, वेग v, वळणाची त्रिज्या r आणि घर्षणांक μ मानू. लागणारे बल mv²/r आणि मिळणारे घर्षण μmg. दोन्ही समान मांडले की m दोन्ही बाजूंनी निघून जातो! उरते ते v² = μgr. म्हणजे मोटार जड केल्याने घर्षण वाढते, पण वळविण्याचे कामही तितकेच वाढते. हाती काहीच लागत नाही. μ = १ आणि r = १०० मीटर धरल्यास कमाल वेग ताशी सुमारे ११३ किलोमीटर येतो, मग मोटार हलकी असो वा भारी.

खरी युक्ती वेगळी आहे. टायरवरचा भार वाढला पाहिजे, पण वस्तुमान वाढता कामा नये. हे तुम्ही घरी पडताळून पाहू शकता. पत्र्याच्या डब्याचे सपाट झाकण घ्या. त्यावर रिकामी काड्यापेटी ठेवून झाकण हळूहळू तिरपे करा. ती कोणत्या कोनाला घसरते ते कोनमापकाने पाहा. आता पेटीत खडे भरून पुन्हा करा. कोन जवळजवळ तोच येईल! शेवटी खडे काढून पेटीत एक लहान चुंबक ठेवा. आता झाकण कितीतरी अधिक तिरपे करावे लागेल. चुंबकाने पेटी फारशी जड झाली नाही, पण ती पत्र्यावर दाबली गेली. शर्यतीच्या मोटारीला असेच एखादे ‘चुंबक’ हवे असते.

ते चुंबक म्हणजे हवा. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तोच उलटा करून मोटारीवर लावला, तर तो मोटारीला खाली दाबतो. हा दाब मोटारीच्या वजनाइतका झाला, तर वरच्या उदाहरणातील कमाल वेग ताशी ११३ वरून सुमारे १५९ किलोमीटरवर जातो. पण उलट्या पंखात एक उणीव आहे. त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी २४० किलोमीटरला मिळणाऱ्या दाबाचा ताशी ६० किलोमीटरला फक्त सोळावा हिस्सा उरतो. मंद वळणावर, जिथे त्याची गरज असते, तिथेच तो साथ सोडतो.

इथे पंखा उपयोगी पडतो. त्याला मोटारीच्या वेगाशी कर्तव्य नाही. मोटारीखालची हवा तो खेचून घेतो आणि तिथला दाब कमी होतो. मग वरचे वातावरण मोटारीला खाली दाबते. वातावरण दर चौरस मीटरवर सुमारे १० टन भार टाकत असते. मोटारीखालचे क्षेत्र ४ चौरस मीटर धरा. तेथील दाब शंभरात केवळ एकाने घटला, तरी मोटार सुमारे ४०० किलोग्रॅम भाराने दाबली जाईल!

ही कल्पना मरे यांच्याही आधीची होती. १९७० साली अमेरिकेत जिम हॉल यांनी ‘चॅपरल २ जे’ या मोटारीला दोन पंखे आणि ते फिरविण्यासाठी वेगळे छोटे इंजिन बसविले होते. तिच्यावर वर्षअखेरीस बंदी आली. ब्रॅभमचा पंखा मुख्यतः इंजिन थंड ठेवण्यासाठी आहे, असा त्या संघाचा युक्तिवाद होता. इतर संघांना तो पटला नाही. अँडर्स्टॉर्पचा विजय कायम राहिला. पण मोटार मागे घेतली गेली आणि पुढे अशा पंख्यांना मज्जाव झाला.

नव्या मोटारीतील पंखा हुबेहूब जुन्यासारखा नाही. जुन्या मोटारींना कडेने पडद्यांसारख्या पट्ट्या लावून खालची जागा जवळजवळ बंद केलेली असे. नव्या मोटारीला तशा पट्ट्या नाहीत. तिच्या तळाशी मागे वर चढत जाणारे मार्ग आहेत. या मार्गांमुळे तळाखालची हवा वेगाने वाहते आणि तिचा दाब घटतो. चढ जितका तीव्र, तितका परिणाम मोठा. पण फार तीव्र केला, तर पृष्ठभागालगतची मंदावलेली हवा पृष्ठभाग सोडून भोवरे करू लागते व सारा लाभ जातो. हवेच्या या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. पंखा नेमका हा आळशी थर शोषून घेतो. मग तीव्र चढावरही हवा चिकटून वाहते. सीमास्तराची कल्पना लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली मांडली. तो थर शोषून घेतला तर प्रवाह पृष्ठभागाला धरून राहतो, हेही त्यांनी तेव्हाच दाखविले होते.

या पंख्याचा व्यास ४०० मिलिमीटर असून ‘टी. ५० एस’मध्ये तो ४८ व्होल्टच्या विजेवर मिनिटाला ७,००० फेरे घेतो. त्याच्या पात्याच्या टोकाचा वेग किती, हे काढून पाहा. उत्तर ताशी सुमारे ५२८ किलोमीटर यायला हवे. मोटारीचे वजन ८५२ किलोग्रॅम, तर भर वेगात हवेचा दाब एक हजार किलोग्रॅमहून अधिक ठरविला आहे. म्हणजे तत्त्वतः अशी मोटार पुरेशा वेगात बोगद्याच्या छतालाही उलटी चिकटून धावू शकेल! वजन कमी ठेवण्याचा हट्ट का, हेही आता उमगेल. दाब तोच असेल, तर हलक्या मोटारीला त्याचा लाभ जास्त होतो.

शौकिनांच्या उत्कंठेचे कारण यातच आहे. इतक्या थोड्या मोटारी प्रत्यक्ष पाहण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभणार. पण ज्या कल्पनेला शर्यतीच्या नियमांनी १९७८ साली थांबविले, ती मोकळी सोडली तर कुठवर जाते, हे त्यांना पाहायचे आहे. नियमांनी थांबविलेली कल्पना खोटी ठरत नाही. ती फक्त दुसऱ्या संधीची वाट पाहत असते.

तुम्ही मात्र वाट पाहू नका. झाकण, काड्यापेटी आणि चुंबक घरात असतीलच. आजच प्रयोग करा, आणि तिन्ही कोन वहीत टिपून ठेवा.